तबकडी निघाली म्हणून लोककवी नाही?

ओंकार_ठाणे: "ज्याच्या तबकड्या दुकानात विकल्या गेल्या, तो लोककवी कसला?" लानरेवाजू अदेपोजूंबद्दल काल इथे हे वाचलं आणि झोप उडाली. नायजेरियातला शाळेत न गेलेला माणूस स्वतः लिहा-वाचायला शिकतो, इबादानच्या रेडिओवरून तिथल्या योरुबा भाषेत 'एवी' (म्हणून सादर करायची कविता) म्हणतो, राज्यकर्त्यांना सुनावतो. डिसेंबर २०२३ मध्ये ते गेले. लोकांचा कवी आणखी कोण असतो?

चित्रा_नाशिक: ते मीच लिहिलं, आणि मागे घेणार नाही. योरुबांचा इजाला हा गायनप्रकार लोखंडाचा देव ओगुनला मानणाऱ्या शिकाऱ्यांचा, ओरिकी म्हणजे स्तुतिकविता घराण्याची. तिथे कवी स्वतःचं नाव लावत नाही. एवी वाढली रेडिओवर.

ओंकार_ठाणे: नाव लावत नाही म्हणून भर घालत नाही? अभ्यासक कॅरिन बार्बर योरुबांच्या ओकुकू गावात राहून बायकांच्या ओरिकी ऐकत होत्या. म्हणणारी बाई तुकडे निवडते, जोडते, फिरवते. ती कवीच.

जुना_इबादानकर: तुम्ही दोघं छापील भाषांतरांवरून भांडताय. योरुबात तीन सूर आहेत. 'ऑकॉ' म्हणा: सुरानुसार नवरा, कुदळ किंवा गाडी. कागदावर काय उरतं? आमच्या शेजाऱ्यांकडे बारशाला दुंदुन, म्हणजे बोलीचे सूर काढणारा ढोल, वाजवणारा आला. तोंडातून शब्द नाही, फक्त ढोल. शेजारी उभ्या उभ्या रडायला लागले. ढोल त्यांच्या वडिलांची ओरिकी बोलत होता. मला नुसते ठोके ऐकू आले. चार वर्षं तिथे राहूनही!

चित्रा_नाशिक: तिथे राहिलात म्हणजे मक्ता मिळाला का? मग भाषांतरं करायचीच नाहीत?

जुना_इबादानकर: करा. पण आधी ऐका. मराठीत आफ्रिकेची कविता येते ती इंग्रजीतून, सूर गमावून. याचा मला वीस वर्षं राग आहे.

ओंकार_ठाणे: मूळ मुद्दा राहिला बाजूला.

जुना_इबादानकर: राहिला नाही. अदेपोजूंचा सूर आज कुठे ऐकणार? त्याच तबकड्यांवर, ज्यांच्यावरून चित्राताई त्यांना बाहेर काढतायत.

चित्रा_नाशिक: हं. कागदापेक्षा तबकडी बरी, एवढं मान्य. लोककवी मात्र अजूनही म्हणणार नाही. आज रात्री ऐकते, मग बोलू.