नांगर समुद्रतळाशी
माती आणि यंत्र यांच्या परस्परक्रियेवरील संशोधन शोधनिबंधांपुरतेच उरते, हे मत मला अर्धेच पटते. निबंधांचे ढीग पडतात हे खरे. पण इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात शिकवणाऱ्या ॲलन रीस यांचे उदाहरण या चर्चेत यायला हवे. मातीत पाते ओढण्यासाठी लागणारे बल तिचे वजन, चिकटपणा आणि घर्षण यांवरून काढण्याचे समीकरण त्यांनी १९६०च्या दशकात मांडले आणि १९७१ मध्ये स्वतःची कंपनी काढून तेच ज्ञान समुद्रतळाशी चर पाडून केबल पुरणाऱ्या, जहाजाने ओढायच्या नांगरांकडे वळवले.

यातली खरी मेख पाण्यात आहे. घट्ट बसलेली ओली वाळू कापली जाताना फुगते आणि कणांमधल्या वाढलेल्या पोकळ्यांत पाणी ओढले जाते. नांगर वेगात असेल तर पाणी वेळेवर पोहोचत नाही, या पोकळ्यांतील पाण्याचा दाब घटतो, कण एकमेकांवर आवळले जातात आणि नांगराला होणारा विरोध खूप वाढतो. किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय रोवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, तीही याच फुगण्यामुळे. म्हणून बारीक वाळूत नांगराचा वेग ठरवताना जहाजाच्या ताकदीइतकाच वाळूच्या पारगम्यतेचाही, म्हणजे तिच्यातून पाणी किती सहज वाहते याचाही, हिशेब करावा लागतो.