काजूचा मोहर करपतोय, बियेला दर नाही, छोट्या बागायतदाराने एक्सपोर्टच्या मागे लागावं का?

सत्तरीचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईच्या बाजूला डोंगरउतारावर आमची आजोबांच्या वेळची काजूची बाग आहे, सगळी बी टोकून केलेली जुनी झाडं. हल्ली ऐन मोहरात ढग भरून येतात, मध्येच पाऊस पडतो आणि मोहर काळा होऊन गळतो, थंडी पण आधीसारखी राहिली नाही. जी बी हाताला लागते तिचा दर ऐकून जीव जळतो. बाबा म्हणतात तोडून सुपारी लाव, पण त्या उतारावर पाणी आणायचं कुठून? जिथे बघावं तिथे एक्सपोर्ट करा म्हणून सांगतात. आमच्यासारख्याला ते जमण्यासारखं आहे का की आधी झाडंच सांभाळू?

पेडण्याचा_काजूवाला
बाग तोडू नको रे, काजूएवढं कमी पाण्यात उभं राहणारं दुसरं पीक त्या भरड जमिनीत मिळणार नाही. मोहर काळा पडतो तो नुसत्या पावसाने नाही, ढगाळ हवेत ढेकण्या नावाचा किडा वाढतो आणि कोवळी पालवी नि मोहर शोषून घेतो, लांबून बघितलं तर आग लागून करपल्यासारखं दिसतं. पालवी फुटतानाच झाडाखाली जाऊन बघ, कोवळ्या देठावर काळपट डाग दिसले की समज. आणि झाडावर हुमले, म्हणजे लाल मुंग्या असतील तर त्यांना मारू नको, चावतात म्हणून आपली माणसं घरटी जाळतात, पण ढेकण्याला तेच आवरतात. दुसरं म्हणजे सगळी बाग एकाच जातीची करू नको. जुन्या गोव्याच्या आयसीएआर ह्या सरकारी शेती संशोधन संस्थेने गोवा काजू १ वगैरे जाती काढल्यात, वेंगुर्ल्याच्या ४ आणि ७ आहेतच, तिथे विचारून लवकर, मधल्या आणि उशिरा मोहरणाऱ्या मिसळून कलमं लाव, म्हणजे जानेवारीत पाऊस आलाच तरी सगळं पीक एकदम जात नाही. उतारावर प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला अर्धगोल चर मार, पावसाचं पाणी तिथे जिरतं, आणि बुंध्याशी पालापाचोळा राहू दे, जाळू नको.

फोंड्याची_प्रोसेसर
माझी छोटी युनिट आहे म्हणून दराचं सांगते. जगात सगळ्यात जास्त कच्ची बी आयव्हरी कोस्टला पिकते आणि सगळ्यात जास्त गर व्हिएतनाम एक्सपोर्ट करतो. भारतात कच्च्या बियेवर २०१८ पासून आयात शुल्क फक्त अडीच टक्के आहे, त्यामुळे आफ्रिकेची बी स्वस्तात येते आणि आपल्या बियेचा दर तिच्याकडे बघून ठरतो. ह्यांच्याशी टनाच्या हिशोबात भिडायला गेलात तर आपण टिकणार नाही हे मी अगदी मनापासून सांगते. आपल्याकडे आहे ते वेगळंच. फेणीसाठी आपण बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाही, पिकून खाली पडलेलाच रोज गोळा करतो, म्हणून बी पूर्ण भरलेली असते. तीच बी नंतर ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून आणतात, मग आत गराला डाग, बुरशी. युरोपात काजूला अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे, एवढ्याशा बुरशीने अख्खा लॉट परत येतो. बी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, हातात घेऊन हलवल्यावर खडखड वाजली पाहिजे, मग गोणपाटात भरा आणि जमिनीला टेकू देऊ नका. चांगल्या वाळलेल्या चार किलो बियेतून साधारण एक किलो गर निघतो, पोचट असेल तर पाच किलो लागतात, आणि तो फरक आम्ही तुमच्याच दरातून कापतो. गोवा काजूला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालालाच ते नाव वापरता येतं असं मानांकन मिळालंय पण इथल्याच दुकानांत बाहेरचा गर गोव्याचा म्हणून विकतात ह्याचा मला फार राग येतो, कारण उद्या परदेशातला गिऱ्हाईक ते नाव बघून पैसे देणार आणि आत भलताच माल निघणार.

सत्तरीचा_बागायतदार
ताई खूप धन्यवाद, वाळवण्याकडे आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. पण एकट्याने एक्सपोर्ट?

फोंड्याची_प्रोसेसर
एकट्याने नको. आयात-निर्यातीचा आयईसी कोड, खाद्यपदार्थांचं एफएसएसएआय लायसन, अपेडा ह्या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, एवढं दोन-चार पोती बियेसाठी परवडत नाही. गावातले दहा-पंधरा बागायतदार मिळून एक लॉट करा, कुठल्या बागेतली बी कधी गोळा केली हे वहीत लिहा. परदेशी गिऱ्हाईक पहिलं हेच मागतो. आणि भारत स्वतःच जगात सगळ्यात जास्त काजू खातो, तर नीट ग्रेड केलेला, डाग नसलेला गर मुंबई-पुण्यातच चांगला जातो, एक्सपोर्ट त्याच्यानंतरची पायरी धरा.

डिचोलीकर_भाई
जुनी झाडं मुळापासून काढण्याआधी टॉपवर्किंग बघ. खोड कापून नवीन फुटव्यावर कलम बांधतात, मूळ जुनंच असल्यामुळे लवकर धरतं. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावून ठेव, आणि खोड पोखरणारी अळी फार लागते, बुंध्याशी भुसा दिसला तर लगेच ती काढ. दर वर्षी थोडीच झाडं घे, म्हणजे घरचं उत्पन्न बंद पडणार नाही.

सत्तरीचा_बागायतदार
चालेल भाई, रस्त्याकडच्या झाडांपासून सुरुवात करतो. शेजारच्या चौघांशी वहीचं बोललोय, दोघं तयार आहेत. ताई, ओलावा मोजायचं मशीन एकत्र मिळून घ्यावं का, तुमच्या युनिटमध्ये कोणतं वापरता ते सांगाल?