'फाउंड फॅमिली'ला मराठीत काय म्हणाल?

वाचनवेडी, कोथरूड :
सोसायटीच्या वाचनगटाच्या पत्रिकेसाठी एका इंग्रजी फँटसी कादंबरीवर दीड पान लिहायचंय. पुस्तक मला फार आवडलंय, त्यामुळे कौतुक हात राखून करणार नाही. शापित वाळवंटातून मिठाचा तांडा नेणारी पाच माणसं: बडतर्फ झालेला शिपाई, जादू येईनाशी झालेली म्हातारी, राजवाड्यातून पळालेला नोकर, मुका वाटाड्या आणि एक चोर पोरगी. एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. राक्षस, मंत्र, लढाया सगळं आहे, पण गोडी आहे ती माणसांची. ही पोरगी पहिल्या पानापासून बूट घालून झोपते, कधीही पळता यावं म्हणून. अर्धं पुस्तक झाल्यावर एका रात्री ती बूट काढून तंबूबाहेर ठेवते. सकाळी शिपाई ते उचलतो, विंचूबिंचू नाही ना म्हणून झटकतो आणि होते तिथे ठेवून देतो. लेखिका त्यावर एक अक्षर बोलत नाही. मी मात्र पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले.

अडलंय ते असं की, इंग्रजीत अशा जमून गेलेल्या माणसांना 'फाउंड फॅमिली' म्हणतात. 'सापडलेलं कुटुंब' लिहिलं तर जत्रेतल्या लाउडस्पीकरवरची घोषणा वाटेल. मराठीत काय म्हणाल?

शनिवारकर :
मानलेलं कुटुंब. मानलेला भाऊ, मानलेली मुलगी आपण रोज म्हणतोच. विषय संपला.

वाचनवेडी, कोथरूड :
काका, इतक्यात नका हो संपवू. 'मानलेला' म्हटलं की 'सख्खा नव्हे' हे मागोमाग येतंच. शिवाय मानायचं म्हणजे कुणीतरी तसं बोलून दाखवायला हवं, राखी बांधायला हवी. ही पाचजणं शेवटपर्यंत एकमेकांवर खेकसतच असतात.

कोल्हापूरकर, सध्या हडपसर :
अहो ताई, गोतावळा म्हणा की! आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) वाचली असंल तर आठवा. नारबा मळ्यावरचा गडी, आणि त्याचा गोतावळा कोण, तर मळ्यातली जनावरं. ट्रॅक्टर आला आणि त्याचं सगळं गोतच विस्कटलं. बैल-म्हशी गोतावळ्यात बसतात, तर तुमचा मुका वाटाड्या का बसू नये?

शब्दवेल्हाळ :
हडपसरकरांशी बऱ्याच अंशी सहमत. 'गोत' आला 'गोत्र'वरून, म्हणजे मूळ जन्माचंच. पण मराठीनं त्याला तिथे राहू दिलं नाही. जुन्या गोतसभेत गावातले वतनदार आणि बलुतेदार एकत्र बसून वतनाचे तंटे तोडत. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे लेखी निकालपत्रावर, सहीच्या जागी पाटलाचा नांगर उमटायचा, तशी कारागिरांच्या हत्यारांची चित्रंही उमटायची. ही सगळी एका रक्ताची माणसं थोडीच होती? पुलंच्या 'गणगोत'मध्येही नात्यातल्या माणसांच्या पंगतीला बेळगावचे रावसाहेब आहेतच.

मला त्याहून कामाचा वाटतो तो 'गोतात घेणे' हा प्रयोग. वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त वगैरे देऊन परत जातीत घेत, त्याला हे म्हणत. त्यातला जाच बाजूला ठेवला, तर तुमच्या कादंबरीत बडतर्फ, पळपुटी, चोर अशी सगळी टाकलेलीच माणसं आहेत आणि तीच एकमेकांना गोतात घेतायत. प्रायश्चित्त न मागता.

'सोयरे' हाही चांगला उमेदवार होता. सगा जन्मानं मिळतो. सोयरीक जुळवावी लागते. तुकोबांनी 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' म्हटलं, 'भाऊबंद' म्हटलं नाही, हे मला फार नेमकं वाटतं. (भाऊबंदांपासून आपण भाववाचक नाम काय बनवलं? भाऊबंदकी! रक्ताच्या नात्याबद्दल भाषेचं मत यातून कळतं.) पण मराठा आरक्षणाबाबतच्या जानेवारी २०२४मधल्या अधिसूचनेच्या मसुद्यानंतर 'सगेसोयरे' म्हटलं की लोकांना जातीचा दाखलाच आठवतो. काही वर्षं तो शब्द बाजूला ठेवलेला बरा.

स्वारगेट-हडपसर :
'आपली माणसं' एवढं साधं का नको?

शब्दवेल्हाळ :
'आपली माणसं' चालेल. पण घाईत 'आपल्यातली' लिहू नका. आपल्या पुण्यात 'मुलगा आपल्यातलाच ना?' हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते सांगायला नको. ज्या पुस्तकात कोण कुठल्या कुळातला हे कुणी विचारत नाही, त्याच्या कौतुकात नेमका तोच शब्द नको.

नारायण पेठ, जुनी भाडेकरू :
घरोबा?

वाचनवेडी, कोथरूड :
आवडता शब्द आहे माझा. पण घरोब्याला दोन घरं लागतात ना? इथे एकालाही घर नाही.

नारायण पेठ, जुनी भाडेकरू :
मग 'बिऱ्हाड' घ्या. आमच्या वाड्यात कोण किती बिऱ्हाडं म्हणूनच मोजायचे, कुटुंबं म्हणून नाही. बिऱ्हाडात नवराबायको असत, तसा शिकायला आलेला लांबचा भाचा असे, आणि एका खोलीत तर नोकरी करणारे, नात्याचे नसलेले तिघं मिळून बिऱ्हाड करून राहायचे. भात एकाच पातेल्यात शिजला की झालं बिऱ्हाड. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ला, वाड्याची मागची बाजू बसली. तेव्हा सासूबाई ज्यांच्याबरोबर शाळेच्या वर्गात राहिल्या, त्या बाईंचा उल्लेख पुढे त्या कायम 'आमच्या बिऱ्हाडातल्या' असाच करायच्या. ना नातं, ना गाव एक.

आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतंच. तुमच्या कादंबरीत तर विंचूही आहे.

शनिवारकर :
बिऱ्हाड म्हणजे भाड्याची जागा. तात्पुरती. तुम्हाला कायमची माणसं म्हणायची आहेत.

नारायण पेठ, जुनी भाडेकरू :
तात्पुरतं म्हणून केलेलं बिऱ्हाड तीन-तीन पिढ्या हलत नाही, हे पेठेतल्या माणसाला मी काय सांगू!

तांडेल :
एक बारकावा. सुरुवातीला या पाचजणांना 'टोळी'च म्हणा. 'टोळकं' नको, ते रोज पेपरात कोयते घेऊन येतं. टोळीला काम असतं, काम संपलं की टोळी फुटते. ही मीठ पोचवल्यावरही फुटली नाही, असं पुस्तकात असेल तर तिथून पुढे शब्द बदला. बूट काढले त्या रात्रीपासून बदललात तर जास्त छान.

वाचनवेडी, कोथरूड :
नाही फुटली! मीठ पोचतं तेव्हा शंभरेक पानं उरलेली असतात. बरं, 'कॅरॅक्टर ड्रिव्हन'ला 'व्यक्तिरेखाप्रधान' बरं वाटतंय का?

शब्दवेल्हाळ :
समीक्षेत चालतो. सोसायटीच्या पत्रिकेत 'गोष्ट माणसांच्या स्वभावातून पुढे सरकते' असं लिहा, लिफ्टपाशी वाचणाऱ्यालाही कळेल. 'अद्भुतरम्य'चं मात्र जपून. वाङ्मयेतिहासात तो शब्द 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या मागोमाग आलेल्या कादंबऱ्यांना चिकटलाय, आणि तुमचं वाळवंट काही रम्य दिसत नाही. सरळ 'फँटसी' लिहा.

वाचनवेडी, कोथरूड :
कच्चं लिहिलंय, बघा : 'पाचजणांची ही टोळी मीठ न्यायला निघते आणि वाटेत तिचं बिऱ्हाड होऊन जातं. राक्षसांशी झालेल्या लढाया थरारक आहेतच, पण मला लक्षात राहिले ते एका चोर मुलीचे बूट. घरादाराने टाकलेली माणसं एकमेकांना न विचारता गोतात घेतात, ते या लेखिकेनं एकही मोठं वाक्य न लिहिता दाखवलंय. एक अविस्मरणीय वाचनानुभव!'

कोल्हापूरकर, सध्या हडपसर :
लई भारी. पुस्तक कुठं मिळंल ते पण टाका.

शनिवारकर :
शेवटचं वाक्य काढा. 'अविस्मरणीय वाचनानुभव' प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर असतो. आणि 'न विचारता' की 'काही न विचारता'? दोन्हींत फरक आहे.