फलनांचे ग्राफ शिकताना-शिकवताना जिओजेब्रा, डेस्मॉस ही ग्राफ काढायची सॉफ्टवेअर वापरलीत का? अनुभव सांगा

फळ्यावर पॅराबोला काढायचा, पुसायचा, सहगुणक बदलून परत काढायचा, अशी कित्येक वर्षं मी फलनं शिकवली आणि मुलांच्या वहीत तीन सुटी चित्रं उरायची, एकच वक्र हलतोय हे काही केल्या पोचायचंच नाही. मग जिओजेब्रा हाती लागलं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात मास्टर्सच्या प्रबंधासाठी ते सुरू केलं, शिकण्या-शिकवण्यासाठी आजही फुकट आहे. एक्स वर्ग अधिक बीएक्स अधिक सी टाइप केलं, बी आणि सीचे स्लायडर आले. हात लावायच्या आधी विचारलं, शून्यापासून बी वाढवला तर काय होईल? सगळा वर्ग म्हणाला, डावीकडे सरकेल. सरकवला तर डावीकडे गेला पण खालीही उतरला! मग शिरोबिंदूचा, म्हणजे वक्राच्या सगळ्यात खालच्या टोकाचा, ट्रेस (बिंदू जाईल तिथे खूण उमटवणारी सोय) चालू केला आणि बी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला, तर ठिपक्याठिपक्यांनी उलटा पॅराबोला उमटत गेला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, उलटाच का?" त्या एका प्रश्नापायी शिरोबिंदूचं सूत्र त्यांनी स्वतः काढलं, पाठ करून नाही.

तुमचेही अनुभव लिहा, शिक्षक, विद्यार्थी, पालक, कोणीही. फसलेले प्रयोगही हवेत.

*

मी शिकणाऱ्यांपैकी. दोनचा एक्स घात बरोबर एक्सचा वर्ग, याची उत्तरं दोन आणि चार, तोंडी सांगून मोकळा झालो होतो. डेस्मॉसमध्ये दोन्ही वक्र टाकले तर वाय-अक्षाच्या डावीकडे आणखी एक छेदबिंदू, क्लिक केलं तर एक्स साधारण उणे ०.७६७. वाटलं सॉफ्टवेअरच चुकतंय. कॅल्क्युलेटर घेऊन दोन्ही बाजू काढल्या, दोन्ही ०.५८८ च्या जवळ. ऋण संख्या घालून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून समीकरण सोडवायच्या आधी ग्राफ बघतो.

*

शिकवायच्या आधी कोनाचं सेटिंग बघा प्लीज!! साइनची लाट दाखवायला गेले आणि सगळ्यांसमोर जवळजवळ आडवी रेघ. मोड डिग्रीचा होता आणि स्क्रीनवर एक्स-अक्षाचा दिसणारा भाग उणे दहा ते दहा, आता दहा अंशांचा साइनच ०.१७, लाट दिसणार कुठून. एक्स-अक्ष ३६० पर्यंत ताणला तेव्हा कुठे ती दिसली.

*

मी थोडं वेगळं सांगतो. पहिले दोन-चार ग्राफ हातानेच काढून घ्या, तक्ता करून, बिंदू मांडून, कारण स्क्रीनवर तयार रेघ आली की ती बिंदूंची बनलीय हे मुलं विसरतात. एकदा (एक्स वर्ग उणे एक) भागिले (एक्स उणे एक) असं फलन दिलं, सगळ्यांनी सरळ रेघ बघून लिहिलं, एक्स अधिक एक. एक्सची किंमत एक ठेवा म्हटलं तर छेदात शून्य. मग त्या जागी नेमकं क्लिक केलं तेव्हा पोकळ ठिपका दिसला. नुसत्या नजरेला तो दिसतच नाही, म्हणून आधी छेद शून्य कुठे होतो ते वहीत लिहायचं आणि मगच टाइप करायचं, असा नियम आता वर्गात आहे.

*

माझ्या मुलीला दिसत नाही. ग्राफ म्हणजे तिच्यासाठी कोणीतरी वाचून दाखवायची गोष्ट होती. डेस्मॉसमध्ये ऑडिओ ट्रेस आहे, वक्र डावीकडून उजवीकडे ऐकू येतो, किंमत वाढली की सूर चढतो, एक्स-अक्षाच्या खाली गेला की त्यात खरखर मिसळते. एक्स वर्ग उणे चार लावलं. सूर वरून खाली आला, खरखर सुरू झाली, थोड्या वेळाने थांबली आणि सूर परत चढला. ती म्हणाली, "बाबा, अक्ष दोनदा ओलांडला ना?" मी काहीच सांगितलं नव्हतं. मग तिने चारच्या जागी नऊ घालायला लावलं आणि खरखर किती लांबली ते पुन्हा पुन्हा ऐकत बसली.