मदत हवी आहे: शिकारीसाठी .315 ची काडतुसं विमानाने दक्षिण आफ्रिकेत न्यायची आहेत

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, राहायलाही मळ्यातच. पुढच्या जूनमध्ये, खरड छाटणीनंतरची कामं मार्गी लागली की, दक्षिण आफ्रिकेला जायचं ठरतंय. तिथल्या हेक्स रिव्हर खोऱ्यात द्राक्षं पिकवणारे एक गृहस्थ निर्यातीच्या निमित्ताने ओळखीचे झाले, आता चांगला घरोबा आहे. त्यांच्या मेव्हण्याची कारूच्या माळरानात मेंढपाळीची मोठी जमीन आहे. तिथे दर हिवाळ्यात स्प्रिंगबॉक हरणांची शिकार होते, आणि त्यांचा हिवाळा म्हणजे आपला जून ते ऑगस्ट. गोड्या बहराच्या छाटणीआधी मला मोकळीक मिळते ती तेवढीच. त्यांनी आग्रहाने बोलावलंय आणि वडिलांची रायफल सोबत आणा असं आवर्जून कळवलंय.

रायफल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची, .315 मापाची, बोल्ट अॅक्शन. मळ्यातली वस्ती एकाकी म्हणून वडिलांनी स्वसंरक्षणासाठी परवान्यावर घेतली होती. ते गेल्यावर वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना माझ्या नावे झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकारीचा विषयच संपला आणि तो संपला हे योग्यच झालं असं मी मानतो. वडिलांनी ही रायफल कधी कुठल्या जनावरावर रोखली नाही. पण दसऱ्याच्या आदल्या रात्री ओसरीत सतरंजी टाकून बसायचे, बोल्ट काढायचे, गजाला चिंधी गुंडाळून नळी साफ करायचे, दिव्यासमोर धरून आतले आटे बघायचे आणि मगच दस्त्याला तेलाचा हात द्यायचे. सकाळी पूजेत ती नांगराशेजारी असायची. ती एकदा तरी, पूर्ण कायद्यात राहून, ज्यासाठी घडवली त्या कामाला यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिकार करावी की नाही यावर मतं असणार आणि ती मला मान्य आहेत. तिथे कुंपणातल्या वन्यप्राण्यांची मालकी जमीनमालकाकडे असते, त्यासाठी 1991 चा त्यांचा स्वतंत्र कायदा आहे. मारलेलं हरीण खाल्लं जातं. शिंगं, कातडं काहीही भारतात आणायचा माझा विचार नाही. यापुढची चर्चा कुणाला करायची असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की येईन. इथे मला फक्त प्रवासाबद्दल मदत हवी आहे.

खरी अडचण काडतुसांची आहे. .308 किंवा .30-06 असती तर काडतुसं तिथेच दुकानात घेतली असती. .315 मात्र आपल्याच देशात चालते. इंग्रजांच्या काळात लष्कराची .303 ची काडतुसं खाजगी बंदुकीत बसू नयेत म्हणून वेगळं माप दिलं गेलं, त्याचं मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या 8 मिलिमीटर लष्करी काडतुसात आहे. ती आपल्याकडे खडकीच्या कारखान्यात बनतात. यजमानांनी तिकडच्या दुकानांत विचारून पाहिलं, कुणाकडेच नाहीत. म्हणजे काडतुसं इथून गेली तरच रायफल नेण्यात अर्थ आहे.

आतापर्यंत जे कळलंय ते मांडतो, चूक असेल तिथे सांगा. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार माणशी एकूण पाच किलोपर्यंत काडतुसं चेक-इन सामानात नेता येतात, हँड बॅगेत एकसुद्धा चालत नाही, आणि कंपनीची आधी मंजुरी लागते. दक्षिण आफ्रिकेत उतरल्यावर पोलिसांचा तात्पुरत्या आयातीचा परवाना घ्यायचा, त्याचा फॉर्म एसएपीएस 520. तो काळ्या शाईने भरायचा आणि सही तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करायची. एका बंदुकीमागे 200 काडतुसांची मर्यादा आहे आणि ती त्याच बंदुकीच्या मापाची हवीत. मला तीस-चाळीस पुरतील. निमंत्रणाचं पत्र तिथला नोंदणीकृत शिकार आयोजक देणार आहे, कारण परदेशी पाहुण्याला त्याच्यामार्फतच जावं लागतं.

आता जिथे अडलोय ते. मुंबईहून केपटाऊनला थेट विमान नाही. अदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातलं एखादं शहर, कुठेतरी विमान बदलावं लागणार. मधल्या देशाची वेगळी परवानगी कोण काढतं, मी की विमान कंपनी? आपल्या बाजूने, काडतुसं देशाबाहेर नेऊन उरलेली परत आणायला दिल्लीहून वेगळा परवाना लागतो का? इथे दोन ठिकाणी विचारलं, दोन वेगळी उत्तरं मिळाली. परवान्याच्या पुस्तिकेतले शेरे मराठीत आहेत, त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरीचं चालेल का? आणि ओझरहून दिल्लीमार्गे जावं की गाडीने मुंबई गाठावी?

ज्यांनी प्रत्यक्ष शस्त्र घेऊन परदेश प्रवास केलाय, मग तो नेमबाजीच्या स्पर्धेसाठी का असेना, त्यांचा अनुभव फार मोलाचा आहे.

—

मालधक्का:

विमानतळावर धोकादायक मालाच्या तपासणीचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून लिहितो. पाच किलोचा नियम बरोबर आहे, पण त्यातले बारकावे महत्त्वाचे.

काडतुसं धोकादायक मालाच्या वर्गीकरणातल्या विभाग 1.4एस मधलीच हवीत. त्याचा अर्थ असा की खोक्यात एखादं काडतूस चुकून पेटलं तरी परिणाम खोक्यापुरताच राहील अशी त्यांची बांधणी असते. त्यांचे यूएन क्रमांक दोनच, 0012 आणि 0014. तुमची गोळीसह काडतुसं 0012 मध्ये येतात, 0014 म्हणजे बिनगोळीची. अर्ज भरताना कंपनी हाच क्रमांक विचारेल, तो खोक्यावर छापलेला असेल तर उत्तम. स्फोटक किंवा आग लावणारी गोळी अजिबात चालत नाही. काडतुसात भरायची सुटी दारू आणि ती पेटवणाऱ्या सुट्या टोप्याही सामानात नेता येत नाहीत.

पाच किलो हे खोक्यासकट वजन आहे आणि ते माणशी आहे. दोघांचे मिळून दहा किलो एकाच पेटीत घालता येत नाहीत. तुमच्या चाळीस राऊंडचं वजन त्याच्या जवळपासही जाणार नाही, तेव्हा ती काळजी सोडा. कारखान्याच्या मूळ पाकिटातच न्या. पट्ट्यात खोचलेली, मॅगझिनमध्ये भरलेली किंवा प्लास्टिकच्या पिशवीत सुटी टाकलेली काडतुसं काउंटरवरच थांबवली जातात. पाकीट पुठ्ठ्याचं असेल तर ते छोट्या कुलपाच्या धातूच्या डबीत ठेवा. रायफलच्या पेटीत काडतुसं ठेवायची की वेगळ्या बॅगेत, यावर कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासाला वेगळी कुलूपबंद डबी चेक-इन बॅगेत, हेच सगळ्यात सुरक्षित. बोल्ट काढून ठेवा.

मधल्या देशाबद्दल: परवानगी कुणी काढायची हे त्या देशावर अवलंबून असतं, पण कंपनीच्या मंजुरीत तो टप्पा स्पष्ट लिहिलेला असायलाच हवा. तिकीट एका कंपनीचं आणि मधलं उड्डाण दुसरीचं असेल तर प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या प्रत्येक कंपनीची मंजुरी वेगळी. म्हणून सगळा प्रवास एकाच कंपनीचा, एकाच तिकिटावर काढा. अदिसहून थेट केपटाऊनला विमान जातं, त्या मार्गाचा आधी विचार करा. जोहान्सबर्गला उतरून पुढे जाणार असाल तर पोलीस परवाना जोहान्सबर्गलाच घ्यावा लागेल, कारण देशातलं पहिलं पाऊल तिथे पडतं. मग पुढच्या विमानाला भरपूर अंतर ठेवा.

मंजुरी ईमेलवर घ्या आणि छापून जवळ ठेवा. कॉल सेंटरवरचा होकार काउंटरवर कामाला येत नाही.

—

सरावपट्टी:

माझी मुलगी .22 रायफल खेळते, त्यामुळे शस्त्राची पेटी घेऊन विमानतळावर जाणं आमच्या घरी सवयीचं झालंय. नेमबाजांकडे संघटनेची पत्रं असतात, तुमच्याकडे ती नसतील. म्हणून कागद जास्त नीट हवेत.

मुंबईहून निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. त्यावर रायफलचा क्रमांक, माप आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत येताना हाच कागद दाखवून सांगता येतं की वस्तू इथूनच गेली होती. तो नसेल तर परदेशातून नवीन बंदूक आणली असं समजून प्रश्न सुरू होतात. प्रमाणपत्रासाठी पेटी उघडून दाखवावी लागते, तेव्हा पेटी आत सरकण्याआधी, चेक-इनच्या वेळीच हे करायचं. काउंटरवर सगळ्यात आधी शांतपणे सांगा की सामानात परवान्याचं शस्त्र आणि काडतुसं आहेत. शस्त्र, काडतूस हे शब्द रांगेत मोठ्याने उच्चारू नका, कागद पुढे करा.

ओझरचा मार्ग मला पटत नाही. एक विमान वाढलं की एक तपासणी आणि एक मंजुरी वाढते. समृद्धी 2025 च्या जूनपासून इगतपुरीहून पुढे आमण्यापर्यंत खुला झालाय, कसारा घाटही टळतो. गाडीने सहारला जा. रायफल डिकीत कुलूपबंद, काडतुसं वेगळी, परवान्याची मूळ पुस्तिका खिशात.

अजून एक. जुनी बॅग नेऊ नका. वडिलांच्या काळातली खाकी कॅनव्हासची एखादी पिशवी घरात असेलच. आमच्या ओळखीच्या एका माजी सैनिकाने तशी पिशवी प्रवासासाठी काढली आणि अस्तर उलटं केलं, तर खालच्या शिवणीत एक रिकामं पितळी टरफल अडकलेलं निघालं. हिरवट डाग पडलेलं, बोटाला लागलं म्हणून कळलं. ते जिवंत असतं आणि एक्स-रेत दिसलं असतं तर? नवीन बॅग घ्या. जॅकेटचे खिसे उलटे करून बघा, घरच्यांचेही.

—

वकीलकाकू:

दिल्लीच्या परवान्याबद्दल. शस्त्र अधिनियम 1959, कलम 10 वाचा. शस्त्र किंवा दारूगोळा देशात आणायला अथवा बाहेर न्यायला परवाना लागतो हा मूळ नियम. पण त्याच पोटकलमाच्या परंतुकात सूट आहे. ज्याला कायद्याने ते शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, तो स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात ते वेगळ्या परवान्याशिवाय नेऊ-आणू शकतो. तुम्हाला मिळालेली दोन वेगळी उत्तरं यामुळेच. एकाने मूळ नियम सांगितला, दुसऱ्याने परंतुक.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पुढचंच पोटकलम सांगतं की ही सूट लागू होते का किंवा प्रमाण वाजवी आहे का याबद्दल कस्टम्सच्या आयुक्तांना शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत ते माल अडवून ठेवू शकतात. म्हणून तीस-चाळीसचा तुमचा आकडा शहाणपणाचा आहे. कस्टम्सच्या 2016 च्या बॅगेज नियमांतही पन्नासहून जास्त काडतुसं सवलतीबाहेरच्या वस्तूंच्या यादीत होती. चाळीसच्या वर जाऊच नका.

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, लेखी अर्ज देऊन प्रवासाच्या तारखा, रायफलचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या कळवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि नाहरकत पत्र मागा. कायद्याने ते लागतंच असं नाही, पण रात्री दोन वाजता काउंटरवरच्या अधिकाऱ्याला परंतुक समजावण्यापेक्षा शिक्क्याचा कागद पुढे करणं बरं. त्याआधी पुस्तिकेतली नूतनीकरणाची तारीख, युनिक क्रमांक आणि काडतूस खरेदीच्या नोंदी तपासा. नेलेली चाळीस त्या नोंदींशी जुळली पाहिजेत. भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून मग नोटरी करा, नुसत्या नोटरीवर विसंबू नका.

परतताना किती राऊंड वापरले ते शिकार आयोजकाकडून पत्रावर लिहून घ्या. रिकामी टरफलं तिथेच सोडून या. आणि जूनच्या आसपास कुठल्या निवडणुकीची आचारसंहिता लागली तर शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. त्यातून सूट हवी असेल तर त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, हे तिकीट काढतानाच लक्षात ठेवा.

सरावपट्टी यांचा बॅगेचा मुद्दा अगदी गंभीरपणे घ्या. नकळत राहिलेल्या काडतुसाला जाणीवपूर्वक बाळगणं म्हणता येत नाही, असा युक्तिवाद न्यायालयं ऐकतात. 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जाणिवेच्या मुद्द्याचा विचार केला आहे. पण तो युक्तिवाद करायची वेळ येते तोवर विमान गेलेलं असतं आणि गुन्हा नोंदलेला असतो.

—

गोदाकाठ:

शिकार मला पटत नाही, पण तुम्ही सगळं नियमाने करताय म्हणून एक सुचवतो. कारूतल्या उघड्या माळावर स्प्रिंगबॉक लांबूनच दिसतं आणि लहान असतं. .315 ची गोळी जड, वेग कमी, लांबवर ती बरीच खाली येते. जनावर जखमी होऊन पळालं तर ते सगळ्यात वाईट. तिथे गेल्यावर आधी निशाण्यावर रायफल जुळवा आणि शंभर-सव्वाशे मीटरच्या पुढे मारू नका. जवळ जाता आलं नाही तर यजमानांची रायफल वापरा.

—

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. यजमानांनाही तसं कळवलंय, जवळून संधी मिळाली तरच .315, नाहीतर त्यांची .308. कलम 10 आज वाचलं. जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज या आठवड्यात देतो. नवीन बॅग आणि कुलपाची डबी घेतो. ओझरचा बेत सोडला, मुंबईहूनच जाणार. विमान कंपनीला मार्ग, यूएन क्रमांक आणि वजन लिहून ईमेल केलाय, लेखी होकार आल्याशिवाय तिकीट काढणार नाही.

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. अदिसमध्ये विमान बदलताना शस्त्राची बॅग थेट पुढे जाते की मालकाला बोलावून ओळख पटवून घेतात? नैरोबीबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा. केनियात 1977 पासून शिकारीवर बंदी आहे, तेव्हा शिकारीच्या रायफलला नुसतं विमान बदलायलाही तिथे वेगळे नियम असतील असं वाटतं. ज्यांची बॅग यातल्या एका मार्गाने गेली आहे त्यांनी कृपया लिहा. व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.