मदत हवी आहे : भेदरलेल्या सैनिकाच्या मूकपटाला संगीत कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे दोन लघुमूकपट दाखवायचे आहेत, 'द हाउस विथ क्लोज्ड शटर्स' (१९१०) आणि 'द बॅटल' (१९११). दोन्हींची पार्श्वभूमी अमेरिकेच्या यादवी युद्धाची. दोन्हींत सैनिक घाबरून पळून जातो. दुसऱ्यातला तरुण पुढे दारूगोळ्याच्या गाड्या आणून सावरतो. पहिल्यातल्याला मात्र ती संधीच मिळत नाही. त्याचा गणवेश घालून बहीण निरोप पोचवायला जाते आणि मारली जाते. घराण्याची अब्रू राहावी म्हणून आई खिडक्या कायमच्या बंद करते. जगाच्या लेखी मेला तो भाऊ. तो आत म्हातारा होत जातो. मला हा शेवट फार लागला. भीतीपेक्षा आईचं ते दार लावून घेणंच जास्त भयंकर वाटतं.

अडचण संगीताची आहे. आमच्याकडे पेटी, तबला आणि एक व्हायोलिनवादक आहेत. बंद घराच्या प्रसंगांत काय वाजवावं, की पूर्ण शांतता ठेवावी? मूकपटाला प्रत्यक्ष साथ केलेलं कुणी इथे आहे का?

दुसरं, वेग. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी (फ्रेम्सनी) साधारण सोळा-सतरा मिनिटं चालतं, २४ ने जेमतेम अकरा. आमच्या प्रतीत माणसं तुरुतुरु धावतात, प्रेक्षक हसतील अशी धास्ती वाटते. संगणकावर वेग कमी करताना चित्र अडखळू नये म्हणून काय करता?