जीवशास्त्राच्या पदवीनंतर बायोइन्फर्मेटिक्सचे प्रमाणपत्र घ्यावे का?

लातूरची विद्यार्थिनी: मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बारावीला गणित नव्हते आणि संगणकाशी संबंध टंकलेखनापुरताच. बायोइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे जैविक माहितीचे संगणकाने विश्लेषण करण्याचा, एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मला झेपेल का?

नांदेडचे एक प्राध्यापक: झेपेल, मात्र शुल्क भरण्याआधी लिनक्स ही संगणकप्रणाली, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि संख्याशास्त्र यांचे प्रात्यक्षिकाचे तास किती आहेत, हे विचारून घ्यावे, कारण काही वर्गांत संकेतस्थळावरची बटणे दाबण्यापलीकडे फारसे काही शिकवत नाहीत. तोवर घरीच एक प्रयोग करा. जेनबँक या जनुकक्रमांच्या ऑनलाइन संग्रहातून एखाद्या जिवाणूच्या १६एस आरआरएनए जनुकाचा (जिवाणू ओळखण्यासाठी वापरले जाणारे जनुक), म्हणजे सुमारे १,५०० डीएनए-अक्षरांचा, क्रम फास्टा या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून ब्लास्टमध्ये, म्हणजे संग्रहातील मिळतेजुळते क्रम शोधणाऱ्या साधनात, टाका. हे सारे विनाशुल्क आहे. केवळ जुळणीची टक्केवारी पाहून हुरळून जाऊ नका, कारण लहानसा तुकडाही शंभर टक्के जुळू शकतो. क्रमाचा किती भाग जुळला आणि ई-मूल्य, म्हणजे अशी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळू शकेल याचा अंदाज, किती आले, हेही वाचा; ते जितके लहान तितके चांगले.

परभणीचा माजी विद्यार्थी: ताई, सरांचे म्हणणे रास्त आहे. आपल्या तुरीच्या जनुकसंचाचा (संपूर्ण डीएनएच्या क्रमाचा) मसुदा २०११ मध्येच प्रसिद्ध झाला असल्याने प्रकल्पासाठी विषय शोधत दूर जावे लागत नाही. माझे पहिले दोन दिवस मात्र विंडोजवर साठवलेल्या फाइलीतील ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्ह लिनक्सवर शोधण्यात गेले, आणि ते कोणत्याही पाठ्यक्रमात नव्हते!

लातूरची विद्यार्थिनी: आभारी आहे, सर. परीक्षा संपताच ब्लास्टपासून सुरुवात करते.